कोकणातला पाश्चात्त्य विचार शोधायचा तर सातबारा उघडा

रत्नागिरीत राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पाश्चात्त्य राजकीय आणि आर्थिक विचारांचा प्रभाव म्हटला की पुस्तकं मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांच्यापलीकडे जात नाहीत. खेड्यापाड्यांतल्या कोकणात हा विचार पोचला का? की इथली हुशार मुलं बाहेर गेली आणि त्यांनी तिकडेच राहून विचार केला?

मी चिपळूण, खेड, दापोली या भागात कूळकायद्याची आणि वाटपाची कामं चालवणारा वकील आहे. त्यामुळे माझं उत्तर रोज हातात येणाऱ्या कागदांवरून आहे. विचार पोचला, आणि शाळा-कॉलेजांच्या आधी पोचला. तो मोजणीच्या साखळीबरोबर आला आणि सातबाऱ्यात अजून बसलेला आहे.

तुमच्या घरचा सातबारा काढा. क्षेत्राच्या जवळच ‘आकार’ म्हणून एक आकडा दिसेल, म्हणजे जमिनीवर बसवलेला सरकारी सारा. वीस गुंठे भातजमिनीला दोन-तीन रुपये, असा काहीतरी. आज त्या रकमेकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण हा आकडा कुठून आला हे शोधत गेलात तर तुम्ही थेट १८१७ सालच्या लंडनला पोचता. त्या वर्षी डेव्हिड रिकार्डोने खंडाचा सिद्धांत मांडला. सगळ्यात हलकी जमीन कसणाऱ्याला खर्च भागून काही उरत नाही. चांगल्या जमिनीत जे जास्तीचं उरतं, तो खंड. तो जमीनदाराच्या कष्टातून येत नाही, जमिनीच्या कसातल्या फरकातून येतो. म्हणून सरकारने त्यावर कर घेतला तर धान्य महागत नाही आणि शेतकरी नांगरही टाकून देत नाही.

रिकार्डोचा मित्र जेम्स मिल १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत होता आणि हिंदुस्थानला जाणारे महसुलाचे खलिते तयार करत होता. त्याने यातून असा निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात सरकारनेच जमीनदार व्हावं, खंड स्वतः घ्यावा, मध्ये कोणी नको. कंपनीचे होतकरू अधिकारी ज्या हेलीबरी कॉलेजात शिकत, तिथे अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता माल्थस. तिथूनच आलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात हा सिद्धांत शब्दशः अमलात आणायचा प्रयत्न केला. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता. प्रयोग फसला. आकारणी डोईजड झाली, इंदापूरकडचे शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. पुढे १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी केली. निव्वळ उत्पन्नाचं गणित त्यांनी सोडलं आणि जमिनीचा मगदूर पाहून, तीस वर्षांसाठी बांधलेला, झेपेल असा आकार ठरवला. सूत्र गेलं तरी गाभा टिकला: प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरचा वेगळा कस, आणि सरकारचा वाटा त्या कसावर.

हे सगळं घाटावरचं. कोकणात ही मोजणी उतरली तेव्हा तिला दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे इथला डोंगर. भाताची मळी मोजता येते, पण वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन कशी मोजणार? नाचणी-वरी दोन-तीन वर्षं काढायची, मग तो तुकडा पडीक सोडून शेजारचा उतार भाजायचा, ही इथली रीत. दुसरी, आणि खरी, अडचण म्हणजे खोत.

खोती म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आजच्या मुलांना ते आडनावापुरतंच माहीत असतं. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची. त्या बदल्यात कुळांकडून पिकाचा वाटा तो घेई. अर्धेल म्हणजे निम्मं, तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. भरलेला सारा आणि जमा झालेलं पीक यांतला फरक हा त्याचा फायदा. वर वेठ होतीच: खोताच्या शेतावर नांगर धरायचा, त्याचं लाकूड वाहायचं. काही गावांत धारेकरी होते, ते फक्त सरकारी धारा भरत. बाकीच्यांचं नाव सरकारच्या दप्तरात जवळजवळ नव्हतंच.

म्हणजे मिलला जो मध्यस्थ नकोच होता, तो रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव बसलेला होता. इथे जो वाद पेटला तो मला आपल्या प्रांताच्या विचारांच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाद वाटतो, आणि पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत. मोजणी अधिकारी म्हणत, खोत हा साऱ्याचा मक्तेदार आहे, मालक नव्हे. खोत म्हणत, आमचा हक्क वंशपरंपरेचा आहे, आम्ही तो विकला आहे, गहाण टाकला आहे, वाटून घेतला आहे. मालमत्ता म्हणतात ती हीच. खोतांची ही बाजू मांडण्यात पुढे होते विश्वनाथ नारायण मंडलिक. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे, स्वतः खोत घराण्यातले, हायकोर्टात नावाजलेले वकील आणि कायदे कौन्सिलाचे सभासद. सरकारने दिलेल्या शब्दाला सरकारनेच हात लावायचा नाही आणि मालमत्ता कायद्याशिवाय काढून घ्यायची नाही, ही तत्त्वं इंग्रजांचीच. मंडलिकांनी ती त्यांच्याच पुढ्यात ठेवली.

१८६५ च्या सर्वे कायद्यापासून चाललेली ही ओढाताण १८८० च्या खोती कायद्याने तात्पुरती मिटवली. खोताचा वंशपरंपरागत हक्क मान्य झाला आणि काही जुन्या कुळांना वहिवाटीचा हक्क कागदावर मिळाला. माझ्या मते कुळाच्या पदरात त्यातून फार थोडं पडलं. हक्क सिद्ध करायला जो कागद लागे, तो बहुतेक वेळा खोताच्याच माजघरात असे.

उदारमतवाद म्हणून आपण जे एका दमात शिकतो, त्यात दोन प्रवाह आहेत हे कोकणाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. एक प्रवाह म्हणतो, मालमत्तेचं रक्षण करा. दुसरा म्हणतो, न कष्टता मिळणाऱ्या सत्तेतून माणसाला सोडवा. इंग्लंडमध्ये हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून निघू शकत होते. इथे ते एकाच गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. रत्नागिरीत जन्मलेले टिळक खोती असलेल्या घरातले. १८९९ च्या सुमाराला खोतीचा कायदा बदलण्याचा विषय आला तेव्हा ‘केसरी’ खोतांच्या बाजूने उभा राहिला. सरकारच्या अनियंत्रित सत्तेविरुद्ध जी स्वातंत्र्याची भाषा टिळक वापरत, ती त्यांनी इथे खोताच्या हक्कासाठी वापरली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. तरीही कुळाच्या झोपडीतून पाहिलं तर ती भाषा फार वेगळी ऐकू येते, हे विद्यार्थ्यांनी स्पष्ट लिहिलं पाहिजे.

गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. त्यांच्याबद्दल विद्यार्थी मिठावरचा कर आणि १९०२ च्या अंदाजपत्रकावरचं भाषण एवढं लिहितात. मी तुम्हाला १९०१ सालचा एक प्रसंग पाहायला सांगेन. मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली: काही जमिनी शेतकऱ्याला द्यायच्या, पण विकता येणार नाहीत अशा अटीवर. हेतू असा की त्या सावकाराच्या घशात जाऊ नयेत. फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी या विधेयकाविरुद्ध कौन्सिलातून उठून बाहेर पडले. ज्याची जमीन त्याला ती विकायचं स्वातंत्र्य हवं, हा एक पाश्चात्त्य विचार. दुबळ्याला त्याच्याच व्यवहारापासून सरकारने वाचवावं, हाही पाश्चात्त्यच. तहसील कचेरीत ‘नवीन शर्त’ (परवानगीशिवाय जमीन विकायची नाही ही अट) म्हणून जे आजही लोकांच्या मानगुटीवर बसलेलं आहे, त्याचं मूळ त्या दुरुस्तीत आहे. रोज हेलपाटे घालणाऱ्या पक्षकाराला हे ठाऊक नसतं. मला वाटतं, त्याला ठाऊक असायला हवं.

आता आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथे ते अर्थशास्त्र शिकले. पण कोकणाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातले दोन क्षण महत्त्वाचे. पहिला महाडचा. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी १७८९ सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि महाडची सभा तिच्याशी ताडून पाहिली. सावित्रीच्या काठी जमलेल्या कष्टकरी लोकांपुढे व्हर्सायची गोष्ट सांगितली गेली. कोकणात पाश्चात्त्य विचार पोचला का, या तुमच्या प्रश्नाचं हे सर्वांत ठळक उत्तर. तो नुसता पोचला नाही, त्याच्या आधाराने माणसं तळ्यावर चालत गेली.

दुसरा क्षण १७ सप्टेंबर १९३७. त्या दिवशी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. ते नीट वाचा, कारण त्यात काय नाही हे फार बोलकं आहे. त्यात जमीन हिसकावण्याची भाषा नाही. खोताला भरपाई आहे. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदार मानायचं आणि त्याने सारा थेट सरकारात भरायचा, एवढंच मागणं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जो विचार सुरू झाला आणि रत्नागिरीच्या वेशीवर अडला, तो इथे पुरा करा, असं ते सरकारला सांगत होते. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा नेला. तिकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत असा संप धरला होता. तो सुमारे सहा वर्षं चालला. शेतकऱ्यांचा इतका लांबलेला संप देशात क्वचितच कुठे झाला असेल. पुढे १९३९ च्या कूळकायद्यात कुळाला जे संरक्षण मिळालं, त्यामागे चरीची उपासमार आहे.

तेव्हाचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या वेळी तसंच म्हणत) बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचेच. त्या वेळी विधेयक पुढे गेलं नाही. दुसऱ्यांदा खेरच सत्तेवर असताना १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा झाला.

इथे तो ‘आकार’ परत येतो. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पण फुकट नाही, किंमत देऊन. ती किती? कूळकायद्याचं कलम ३२ ह म्हणतं, कायम कुळासाठी खंडाच्या सहा पट. इतरांसाठी आकाराच्या वीस पटीपेक्षा कमी नाही आणि दोनशे पटीपेक्षा जास्त नाही. बाजारभावाचा संबंधच नाही. जो आकडा सरकारने स्वतःचा वाटा घेण्यासाठी तयार केला होता, तोच शंभर वर्षांनी कुळाची मालकी स्वस्त करून गेला. ३२ म चं, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन पक्षकार बसलेला असतो, त्यावर किंमत लिहिलेली असते शंभर-सव्वाशे रुपये, आणि तो विचारतो, “साहेब, एवढ्यात कशी दिली हो जमीन?” त्याचं खरं उत्तर रिकार्डोपासून सुरू होतं.

कायद्याने गृहीत धरलेला माणूस आणि कोकणातला माणूस यांत मात्र अंतर राहिलं, आणि त्या अंतरात कितीतरी कुळं बुडाली. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर कुळाचा हक्क पुढे ढकलला जातो. मग मुदत सुरू झाली की कुळाने स्वतः नोटीस द्यायची, एका वर्षात. हक्क जाणणारा, तारखा सांभाळणारा, कागद जपणारा नागरिक, ही त्या विचारातली मूळ कल्पना. इथे कूळ मुंबईत डिलाईल रोडला गाळ्यात राहून गिरणीत साचे चालवत होतं, शेत बायको आणि म्हातारा बापूस कसत होते, खंडाची पावती कोणी कधी दिलीच नव्हती. अशी प्रकरणं माझ्याकडे नातवांच्या पिढीत येतात आणि कायद्याच्या चौकटीत त्यांना सांगण्यासारखं फार थोडं उरतं. ते सांगताना आजही मला त्रास होतो.

गिरण्यांचा विषय निघालाच आहे तर एवढंच: साम्यवाद कोकणात आला तो चाकरमान्याबरोबर, बोटीने. १९२८ च्या मोठ्या संपात कितीतरी कामगार गावी येऊन राहिले. गावचं भात हाच त्यांचा संप-फंड होता. यावर चांगलं लिखाण बरंच झालं आहे, म्हणून इथे थांबतो.

ज्यावर पुरेसं लिहिलं गेलं नाही ते म्हणजे नाथ पै. वेंगुर्ल्याचे, लंडनला बॅरिस्टर झालेले, लोकशाही समाजवादी, १९५७ पासून राजापूरचे खासदार. कूळकायदा आणि खोती निर्मूलन कायदा हे दोन्ही १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेले होते, म्हणजे मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या नावाने कोर्टात ते पाडता येऊ नयेत अशी सोय झाली होती. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्यात म्हटलं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. नाथ पैंनी लगेच संसदेचा तो अधिकार परत मिळवून देणारं खासगी विधेयक आणलं. लोकांनी निवडलेली संसद सर्वोच्च, हा ब्रिटिश विचार. काही हक्क संसदेच्याही पलीकडचे, हा अमेरिकन. या दोहोंच्या झुंजीत कोकणचा खासदार पहिल्या बाजूला उभा होता, आणि तो का, हे राजापूर-लांज्याच्या कुळाला विचारलं तर सांगता आलं असतं. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी चोविसाव्या दुरुस्तीने त्यांना हवं होतं ते झालं. संसदेला अमर्याद अधिकार देण्याचे धोके आणीबाणीने दाखवले, म्हणून मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. पण त्यांच्या बाजूचा युक्तिवाद जमिनीतून उगवलेला होता, हे मान्य केलं पाहिजे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला या सगळ्या वारशाविषयी राग आहे: कातळ. कसून उत्पन्न निघत नाही त्या जमिनीला खंड नाही, म्हणून आकार नाही, म्हणून ती ‘पोटखराब’. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या जांभ्याला सातबाऱ्यावर शून्य किंमत आहे. पण त्याच सड्यावर पावसात मुरणारं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत येतं, तिथलं गवत गुरांना वर्षभर पुरतं, आणि बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी इथल्या कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. प्रकल्प आला की पहिलं वाक्य असतं, ‘जमीन पडीकच आहे’. ते वाक्य बोलणाऱ्या अधिकाऱ्याने कधी माल्थस वाचलेला नसेल, तरी तो त्याच्याच वर्गातून शिकून आल्यासारखा बोलतो. निव्वळ उत्पन्नाखेरीज जमिनीचं मोल मोजण्याची दुसरी पद्धत आपल्या महसूल खात्याने अजून बसवलेली नाही. भरपाईचा दावा लढताना पाण्याच्या झऱ्याची किंमत मांडायला रकाना नसतो.

आणि आजचा प्रश्न. २०१४ च्या दुरुस्तीने ३२ म च्या प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून कूळहक्काची जमीन परवानगीशिवाय विकता येते. म्हणजे काही शे रुपये. दुसरीकडे महामार्ग रुंद होतो आहे, किनाऱ्यालगतच्या गुंठ्याचे भाव लाखांत गेले आहेत. ही वाढ ना कुळाने कष्टून आणली, ना दलालाने. जेम्स मिलचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल आयुष्याच्या अखेरीस हेच म्हणत होता, की समाजाच्या वाढीमुळे जमिनीला जे मोल चढतं त्यात समाजाचा वाटा असला पाहिजे. १८८० मध्ये हा युक्तिवाद खोताविरुद्ध वापरता आला असता. आज तो कोणाविरुद्ध वापरायचा? ज्याच्या आज्याने वेठ केली त्याच्या नातवाला दोन पैसे मिळत असतील तर मी तरी त्याच्या आड येणार नाही. पण विकत घेऊन कुंपण घालून दहा वर्षं नुसती पडून ठेवणाऱ्याकडून गावाला काही मिळायला हवं, असं माझं मत आहे. सध्याच्या कायद्यात तशी सोय नाही.

प्रबंधासाठी तुम्ही ग्रंथालयापासून सुरुवात करू नका. तुमच्या गावचा एक सर्व्हे नंबर निवडा, शक्यतो भातजमीन आणि वरकस दोन्ही असलेला. तहसील कचेरीतून जुने हस्तलिखित सातबारे आणि त्यावर गोल करून लिहिलेले सगळे फेरफार नंबर घ्या. खोती निर्मूलनाचा फेरफार, ३२ ग चा (कुळाने द्यायची किंमत ठरवणारा) आदेश, वारस नोंदी, शेवटचं खरेदीखत हे क्रमाने लावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचं नाव कधी शिरलं आणि कोणत्या फेरफाराने कमी झालं, ते वेगळं लिहून काढा. त्या गावच्या खोत घराण्याकडेही जा. त्यांच्याकडची दप्तरं बरेचदा सरकारी दप्तरापेक्षा नीट ठेवलेली असतात, आणि मोडी वाचणारं कोणी सोबत असेल तर कुळांच्या नावांच्या याद्या तिथेच सापडतील.